सोपटाखालची दुपार

एका जंगलात सगळ्यांना सगळं यायचं, फक्त सरळ रेघ मारता यायची नाही. हसू नका. जंगलात सरळ असतं काय? वाट वाकडी, ओढा वाकडा, फांद्या वाकड्या. कोल्ह्याबद्दल तर मी बोलतच नाही. आता नीट मांडी घालून बसा आणि मध्येमध्ये 'मग काय झालं' असं विचारू नका. मी सांगणारच आहे.

तर त्या जंगलात, एका टेकडीच्या पोटात, दुर्पदा नावाची साळिंदरीण राहायची. अंगावर हे एवढे लांब काटे आणि स्वभाव एकदम गरीब. अख्ख्या जंगलात सरळ रेघ यायची ती फक्त तिला.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. झालं असं, की आदल्या हिवाळ्यात माणसांची एक सहल जंगलात आली. दोन दिवस बेसूर गाणी म्हणाली आणि जाताना नेहमीप्रमाणे निम्मं सामान विसरून गेली. त्यात ॲक्रिलिक रंगांच्या ट्यूबांची पेटी होती आणि तंबूचं पांढरं जाड कापड होतं. माकडांनी रंग चाखून पाहिले, थुंकून टाकले आणि पुढे आठवडाभर निळे दात विचकत हिंडली. दुर्पदानं पेटी गुपचूप बिळात नेली.

तिची पद्धत सांगतो, लक्ष द्या. केळीचं सोपट माहीत आहे ना? खोडावरची वाळलेली साल हो. दुर्पदा त्याच्या लांब पट्ट्या फाडायची. शेजारी आपला काटा धरून पट्टी सरळ आहे ना बघायची आणि बाभळीच्या डिंकानं ताणलेल्या कापडावर चिकटवायची. मग वेळूच्या नळीत रंग भरायचा, नळीच्या तोंडात बारीक काटा बसवायचा आणि मागून हवा सोडायची. रंगाचं धुकं व्हायचं आणि कापडावर बसायचं. रंग वाळला की सोपट सोलून काढायचं. जिथे सोपट होतं तिथे रंग नाही, आणि मधली कड सुरीनं कापल्यासारखी. शहरात याला एअरब्रश म्हणतात आणि हवेसाठी विजेचं यंत्र लावतात. जंगलात वीज नव्हती. भिकोबा होता.

भिकोबा म्हणजे ओढ्यातला बेडूक. तो गाल फुगवून नळीत अशी फुंकर मारायचा की रंग थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचा. बदल्यात त्याला मूठभर वाळवी लागायची आणि कौतुक लागायचं. फुंकून झालं की तो मागे सरायचा, मान तिरकी करायचा आणि 'आपलं चित्र बरं जमलंय' असं म्हणायचा. त्या 'आपलं'वर दुर्पदा कधी काही बोलली नाही, कारण भिकोबा रुसला की हवा बंद.

चित्रं कसली? त्रिकोण, चौकोन, पट्टे. हरीण नाही, मोर नाही, डोंगराआडून उगवणारा सूर्य नाही. शेजारची घोरपड अधूनमधून यायची आणि यात आंबा कुठे आहे असं विचारायची. आंबा नाही म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. दुर्पदालाही वाईट वाटायचं, पण तिच्यानं आंबा काढवत नव्हता.

आता एक आतली गोष्ट. दुर्पदाच्या बिळाला वरच्या अंगाला एक फट होती. रोज भर दुपारी त्या फटीतून ऊन आत यायचं आणि समोरच्या मातीच्या भिंतीवर एक तिरका पिवळा त्रिकोण पडायचा. थोडा वेळ थांबायचा आणि जायचा. दुर्पदा त्या वेळी झोपलेली असायची, पण त्रिकोण आला की जागी व्हायची. बघत राहायची. तिला फार बरं वाटायचं, इतकं की एकदा तिला रडूच आलं होतं.

तेच ती सात महिने रंगवत होती. खाली मातीचे तांबडे चौकोन, एकावर एक. वरून तिरका आलेला पिवळा त्रिकोण. त्याच्या कडेनं केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा. चित्राचं नाव 'दुपार'. तिची एवढीच इच्छा होती की कुणीतरी ते बघावं आणि न सांगता ओळखावं. फार लोकांनी नाही. एकानं.

तेवढ्यात वाघमहाराजांचा हुकूम आला. टेकडी महाराजांच्या मनात भरली होती. तिथे त्यांना उन्हाळ्यासाठी गार गुहा खोदायची होती. टेकडीतल्या सगळ्या बिळवाल्यांनी महिनाअखेर बिळं रिकामी करावीत, असं रानकुत्रे ओरडून सांगत फिरले. सूट फक्त एकाला होती. शेजारच्या जंगलातल्या बिबटेराजाच्या पदरी एक चित्रकार आहे, हे महाराजांना कुणीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. म्हणून दरबारात चित्रांचं प्रदर्शन ठरलं. ज्याचं चित्र पहिलं येईल तो राजचित्रकार, आणि राजचित्रकाराच्या बिळाला कुणी हात लावायचा नाही.

दुर्पदानं हिशेब केला. बीळ गेलं तर फट गेली, आणि फट गेली तर दुपार गेली. ती दिवसरात्र कामाला लागली. भिकोबाचे गाल सुजले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी शेवटचा पिवळा हात मारायचा राहिला होता. आता पिवळा मारायचा म्हणजे बाकीचं सगळं झाकायला हवं, नाहीतर तांबड्यावर पिवळे शिंतोडे उडणार. तिनं त्रिकोणाची जागा सोडून सगळं कापड सोपटानं झाकलं. त्रिकोणावरही पांढऱ्या रेघांसाठी पट्ट्या होत्याच. भिकोबानं फुंकर मारली. ओल्या पिवळ्यावर धूळ बसू नये म्हणून तिनं त्रिकोणावरूनही सोपट ताणून बसवलं. आता रंग वाळला की सोपट सोलायचं आणि दुपारी चित्र घेऊन निघायचं, असा बेत होता.

पण महाराजांना त्या दिवशी भूक लवकर लागली. प्रदर्शन जेवणाआधी उरकून टाका, असं त्यांनी फर्मावलं. रानकुत्रे बिळात शिरले, त्यांनी चित्र उचललं आणि पळत सुटले. दुर्पदा मागून धापा टाकत ओरडत होती की अरे, ते अजून पुरं झालेलं नाही. त्यावर कुत्र्यांचा म्होरक्या म्हणाला की सकाळपासून सहा चित्रकारांनी त्याला हेच सांगितलंय.

दरबारात जाऊन ती बघते तर तिचं चित्र मधोमध टांगलेलं. चित्र कसलं, नुसतं सोपट. वाळलेल्या तपकिरी पट्ट्या, आडव्या, उभ्या, तिरक्या, त्यांवर तांबडे-पिवळे ओघळ आणि दोन ठिकाणी भिकोबाची थुंकी. दुर्पदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षक होते प्राध्यापक शुभ्रकांत बगळे. जंगलातले सगळ्यात मोठे जाणकार. ते कोणत्याही चित्रासमोर एका पायावर उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. बराच वेळ. ते चित्र मनात उतरवून घेत असतात असं सगळे म्हणायचे. खरं तर त्यांना झोप लागायची, पण हे तुम्ही कुणाला सांगू नका. बगळे सोपटासमोर उभे राहिले. दरबार श्वास रोखून बसला. वाघमहाराज सगळ्यात जास्त घाबरले होते, कारण त्यांना कशातलंच काही कळत नव्हतं आणि राजाला तसं म्हणायची सोय नसते.

बऱ्याच वेळानं बगळ्यांनी मान हलवली.

"इथे चित्रकर्तीनं चित्रच नाकारलं आहे," ते म्हणाले. "आपण चित्र बघायला आलो आणि तिनं आपल्याला बघू दिलं नाही. इतका नकार मी आजवर पाहिला नव्हता."

दरबारात 'वा' झाली. महाराजांचा जीव भांड्यात पडला. आपल्यालाही नेमका तो नकारच भावला होता, असं त्यांनी जाहीर केलं आणि दुर्पदा राजचित्रकार झाली.

तिनं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागोमाग आलेल्या भिकोबानं तिच्या डोक्यावर उडी मारली आणि कानात म्हणाला, "दुर्पाक्का, बीळ वाचलंय. गप्प राहा."

दुर्पदा गप्प राहिली. चूक झाली ती इथे. पण तुमचं बीळ जाणार असतं तर तुम्ही बोलला असता का? मग.

त्यानंतर जंगलाला सोपटाचं वेड लागलं. हरणांनी शिंगांना सोपट गुंडाळलं. माकडांनी एकमेकांना बांधून घेतलं आणि मग सोडवायला कुणी उरलं नाही. घोरपडीनं आंब्याला सोपट लावून पुढच्या प्रदर्शनात ठेवलं आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. केळीची सगळी बाग उघडी पडली. बगळ्यांनी सोपटावर अकरा व्याख्यानं दिली, त्यांतल्या नवांत ते मध्येच झोपले आणि त्या विरामांना सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

दुर्पदाचं बीळ शाबूत होतं. रोज दुपारी भिंतीवर त्रिकोण यायचा. पण आता त्याच्याकडे तिला बघवेना. ती कूस बदलायची. आपण ज्याच्यासाठी सात महिने घातले ते सोपटाखाली कोंडलंय, आणि कोंडून ठेवल्याबद्दल आपली वाहवा चाललीय, हे तिला आतून खात होतं.

शिवाय एक खरी अडचण होती, आणि ती फक्त तिलाच ठाऊक होती. सोपट फार दिवस ठेवायचं नसतं. उन्हाळा तापला की डिंक कडक होतो आणि रंगाला घट्ट धरतो. मग सोपट सोललं तर रंगही त्याच्याबरोबर निघतो. आणखी आठ दिवस गेले असते तर 'दुपार' कायमची गेली असती. ती कुणी पाहिलीही नसती.

तिनं महाराजांकडे अर्ज केला की एकदा पट्ट्या काढून चित्र बघू द्यावं. महाराजांनी बगळ्यांना विचारलं. चित्रकाराला स्वतःचं चित्र कळत नाही हे सिद्धच झालेलं आहे, असं बगळे म्हणाले. अर्ज फेटाळला गेला. भिकोबाही तिच्यावर चिडला. बीळ आहे, मान आहे, वाळवी आहे, तुझ्या पोटात दुखतंय तरी कुठे, असं त्यानं विचारलं.

आठवडाभरात बिबटेराजे खास सोपट बघायला आले. दरबार खचाखच भरला. बगळे एका पायावर होते, डोळे मिटलेले. महाराज छाती काढून बसले होते. दुर्पदाला दोन शब्द बोलायला पुढे बोलावलं. ती पुढे गेली आणि न बोलता तिनं पहिली पट्टी नखात धरली. सर्रकन सोलली.

ती सोलत गेली. एक, दोन, पाच, दहा. हातातल्या पट्ट्या ती मागे फेकत होती आणि त्या तिच्याच काट्यांत अडकत होत्या. तिला भान नव्हतं. खाली मातीचे तांबडे चौकोन निघाले. मग पिवळा त्रिकोण निघाला, तिरका. मग एकेक पांढरी रेघ. रंग कुठेही उचकटला नव्हता. कडा अशा होत्या की दुर्पदा स्वतःच दोन पावलं मागे सरली. आपण केलंय हे, असं तिला वाटेना. तिला फार, फार आनंद झाला.

महाराज आसनावरून हळूच पुढे झुकले. त्यांच्या मिशा थरथरल्या. त्यांनी उजवा पंजा उचलला, चित्राच्या दिशेनं नेला आणि तसाच हवेत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. दुर्पदानं हे स्पष्ट पाहिलं. ओळखलं यांनी, असं ती मनात म्हणाली.

आणि मग महाराजांनी मान वळवून बगळ्यांकडे पाहिलं.

बगळ्यांनी चित्र पाहिलंच नव्हतं. शेजारच्या टिटवीनं त्यांना ढोसून कानात सांगितलं की पट्ट्या काढल्या. बगळे डोळे न उघडताच म्हणाले की हा खून आहे. एका थोर नकाराचा भर दरबारात खून झाला आहे. आता मागे उरलं आहे ते निव्वळ चित्र.

महाराजांनी पंजा खाली घेतला. डोळ्यांत कचरा गेल्यासारखं केलं. बिबटेराजे समोर बसलेले. महाराजांनी डरकाळी फोडली आणि हिला धरा म्हणाले.

धरायचं कसं? अंगावर काटे. रानकुत्रे चहूबाजूंनी उड्या मारू लागले, ओरडू लागले, आणि त्या गोंधळात बगळ्यांची झोप खरोखरच मोडली. त्यांनी एक डोळा उघडला. समोर दुर्पदा उभी होती. काट्याकाट्यावर सोपटाच्या पट्ट्या फडफडत होत्या, काही आडव्या, काही उभ्या, काही तिरक्या.

"थांबा," बगळे म्हणाले. "कलाकृती मेलेली नाही. ती भिंतीवरून उतरून चालू लागली आहे."

पुन्हा 'वा' झाली. बिबटेराजे मत्सरानं काळेनिळे पडले. दुर्पदाला दरबारातल्या दगडी चौथऱ्यावर उभं करण्यात आलं. शेजारी पाटी लागली: 'हात लावू नये.' ही पाटी मात्र तिला बरी वाटली, कारण तसंही कुणी लावत नव्हतं. वेळेवर कंदमुळं मिळणार होती. अट एकच, हलायचं नाही आणि बोलायचं नाही. भिकोबाला चौथऱ्यापाशी माहिती द्यायला नेमलं. तो येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमची सोपटातली वाटचाल' सांगू लागला.

आणि बीळ? चौथऱ्यावर राहणारीला बीळ कशाला, असा हिशेब झाला. रानकुत्र्यांनी ते संध्याकाळपर्यंत बुजवून टाकलं. फटीसकट. दुर्पदाला कळलं तेव्हा ती चौथऱ्यावर उभ्या उभ्या रडली. बघणाऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहुणे आणले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दरबार रिकामा होता. जेवून सगळे आडवे झाले होते. महाराज पाय न वाजवता आले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग आसनामागच्या दगडांत हात घातला आणि एक कापड बाहेर काढलं. 'दुपार' होती ती. फेकून दिली म्हणून जाहीर झालेली. महाराजांनी ती भिंतीला टेकवली आणि समोर मांजरासारखे बसले.

ते चित्राकडेच बघत म्हणाले, "आईच्या गुहेत दुपारी असंच ऊन यायचं. तिरकं. मी त्यावर पंजा ठेवायचो. पंजा गरम व्हायचा."

दुर्पदाला बोलायची बंदी होती. तरी ती बोलली. "तेच आहे ते, महाराज."

"मला त्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

महाराज या प्रश्नानं जरा गोंधळले. "बगळ्यांनी काही सांगितलं नव्हतं ना," ते म्हणाले.

दुर्पदानं हात जोडून बिळाचं विचारलं. टेकडीतली फट तेवढी मोकळी करून द्या म्हणाली. महाराजांना तिची दया आली, खरंच आली. पण ते म्हणाले की कसं करणार? राजाला एक चित्र आवडलं म्हणून टेकडी सोडली, असं झालं तर उद्या सगळेच आपल्याला काय आवडतं ते बोलू लागतील. त्यापेक्षा तू इथेच राहा. मी रोज दुपारी येत जाईन.

ते रोज येऊ लागले. एकटे. चित्र काढायचे, बघायचे, कधी त्या पिवळ्यावर पंजा ठेवायचे आणि डोळे पुसायचे. मग चित्र पुन्हा दगडांमागे, तोंड भिंतीकडे करून. दुर्पदाला हवा होता तो एक बघणारा मिळाला होता. अगदी हवा तसाच, न सांगता ओळखणारा. यावर हसावं की रडावं हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि चौथऱ्यावर दोन्हींची परवानगी नव्हती.

एकदा जाता जाता महाराज थबकले. तिच्याकडे निरखून पाहत म्हणाले, "डावीकडची ती तिसरी पट्टी सुटलीय बघ. चिकटवून घे. आता बगळे येतील."

दुर्पदानं ती पट्टी घेतली, डिंक लावला आणि चिकटवली. सवयीनं, अगदी सरळ.

तात्पर्य: मुलांनो, चित्र नेहमी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. फक्त त्याआधी आजूबाजूला कुणी नाही ना, ते नीट बघून घ्यावं. आणि ज्यांना मोठेपणी जाणकार व्हायचंय, त्यांनी आजपासूनच रोज थोडा वेळ एका पायावर उभं राहावं. डोळे मिटून.